चित्राचा लोभ

संग्रह करण्याचा नाद इतर नादांच्या मानाने निरुपद्रवी आहे, असा एक समज सुशिक्षित घरांत रूढ आहे. मुलगा टपालाची तिकिटे जमवू लागला म्हणजे वडील पाहुण्यांपुढे त्याची वही मोठ्या कौतुकाने उघडतात. तोच मुलगा खिसाभर गोट्या जिंकून आला तर त्याचा कान पिळला जातो. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी असलेली हाव एकच. एकीस पुठ्ठ्याची बांधणी असते इतकेच. मी स्वतः या नादात पन्नासांहून अधिक वर्षे काढली आहेत. प्रथम काडेपेट्यांवरील छाप, मग तिकिटे, आणि पुढे क्रिकेटपटूंची जुनी सिगारेट-कार्डे, अशी माझी चढती, किंवा वाचक म्हणतील त्याप्रमाणे उतरती, भाजणी आहे. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते या छंदाच्या शत्रूने लिहिलेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईच्या उत्तरेस नंदाखालकडील एका वाडीत एक जुने घर पाडावयाचे ठरले होते. आमच्या या भागात गेल्या तीसचाळीस वर्षांत भाताची खाचरे आणि केळीच्या बागा जाऊन त्या जागी इमारती कशा उभ्या राहिल्या, हे विरारच्या गाडीतून रोज जाणाऱ्यास सांगावयास नको. त्या घरची वृद्ध गृहिणी ओटीवर बसून भंगारवाल्यास एकेक वस्तू देत होती. माझा एक जुना विद्यार्थी तिचा शेजारी; त्यास माझा नाद ठाऊक असल्यामुळे त्याने मला बोलावून घेतले. मोडक्या खुर्च्या आणि तांब्याची भांडी यांच्यामध्ये एक गोल पत्र्याचा डबा होता. झाकणावर दाढीवाल्या खलाशाचे चित्र होते, पण ते अर्धेअधिक पुसून गेलेले. आत चौदा लहान कार्डे होती. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा जो संच काढला त्यातील ती होती, आणि त्यांत रणजितसिंहजींचे एक होते.

"सासऱ्यांचे वडील मुंबईस साहेबाकडे बटलर होते," ती म्हणाली. "साहेब पाकीट उघडून चित्र खाली टाकी, ते हे उचलून आणीत. घ्या मास्तर, तुमच्या पोरांना दाखवायला होतील."

मी किंमत विचारली. ती म्हणाली, "द्या काय ते." मी पाचशे रुपये पुढे केले. तिने त्यांतले शंभर परत दिले, आणि वर केळ्यांची एक फणी माझ्या पिशवीत घातली. त्या कार्डांची परदेशच्या बाजारात काय किंमत येते याचा अंदाज मला त्याच क्षणी होता. माझ्या निवृत्तिवेतनाच्या दोनतीन महिन्यांइतकी तरी ती होती. मी काही बोललो नाही. केळी गोड निघाली, हेही मला आठवते.

आता ही कार्डे म्हणजे काय, हे ज्यांस या नादाची ओळख नाही त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटातून विकल्या जात, आणि त्या वाकू नयेत म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तो कोरा कशाला ठेवावा, असा विचार एखाद्या व्यापारी डोक्यात आला आणि त्यावर नट्या, सैनिक, पक्षी, राजे व खेळाडू छापले जाऊ लागले. संच पुरा करावयाचा म्हणजे आणखी पाकिटे घेणे आले. अमेरिकेत हीच जागा बेसबॉलच्या खेळाडूंनी घेतली. इंग्लंडात ही प्रथा १९४० साली युद्धकाळच्या कागदटंचाईने बंद पडली. अमेरिकेत तंबाखूच्या जागी च्युइंगगम आले आणि तो व्यापार अधिकच फोफावला. आपल्याकडेही बिस्किटांच्या पुड्यांवर धावा छापून मुलांस त्या जमवावयास लावण्याची युक्ती १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी सर्वांनी पाहिली आहे. मुलांची हौस आणि दुकानदाराचा गल्ला यांची गाठ तेव्हापासून आजवर सुटलेली नाही.

बेसबॉलच्या कार्डांत सर्वांत प्रसिद्ध कार्ड होनस वॅग्नर याचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या एका मोठ्या मालिकेत त्याचे चित्र होते. त्याने हरकत घेतली आणि छपाई थांबली. लहान मुलांनी आपले चित्र मिळविण्यासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्यास मान्य नव्हते, असे एक कारण सांगतात; कंपनीने मोबदला दिला नाही म्हणून तो रागावला, असे दुसरे सांगतात. तो स्वतः तंबाखू खात असे, म्हणून काही लोक पहिल्या कारणास हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही; आपणास जडलेले व्यसन दुसऱ्याच्या मुलास लागू नये असे वाटणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. ते असो. आज त्या कार्डाच्या साठांच्या आसपास प्रती ज्ञात आहेत, आणि २०२२ साली त्यांतील एक साडेबाहत्तर लाख डॉलरांस विकली गेली. ज्या माणसाने 'माझे चित्र विकू नका' असे म्हटले, त्याचेच चित्र इतके महाग झाले. त्याच वर्षी मिकी मँटल याचे १९५२ चे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस गेले. हे कार्ड काढणाऱ्या टॉप्स कंपनीकडे त्या मालिकेचा न खपलेला माल पडून होता, तो जागा अडवितो म्हणून १९६० साली तिच्याच अधिकाऱ्याने बोटीवर चढवून अटलांटिक महासागरात बुडविला. तो माल बुडाला नसता तर उरलेल्यास एवढे मोल आले नसते. म्हणजे संग्राहक जे मोल देतो त्याचा बराचसा भाग, जे नाही त्याबद्दलचा असतो! वॅग्नर कसा खेळत असे, याच्याशी त्या आकड्याचा संबंध फार थोडा.

आता माझ्या मौनाकडे वळतो. हा प्रश्न नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते लोकांस सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजिनीस नावाचा तत्त्ववेत्ता म्हणतो, न सांगणे म्हणजे फसविणे नव्हे. मालात खोट नसली आणि खोटे बोलला नाही की व्यापारी मोकळा झाला. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो की, जे विकणाऱ्यास ठाऊक आहे ते सर्व घेणाऱ्यास कळले पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे. याच ग्रंथात त्याने स्किव्होला नामक एका गृहस्थाची हकीकत दिली आहे. त्यास एक शेत विकत घ्यावयाचे होते. मालकाने किंमत सांगितली. तेव्हा हा म्हणाला, शेताची किंमत याहून अधिक आहे. आणि त्याने एक लाख नाणी जादा मोजली. लोक म्हणाले, माणूस भला खरा, पण शहाणा नव्हे.

मी त्या दिवशी शहाणा ठरलो. आणि शहाण्यास आपल्या समर्थनार्थ युक्तिवाद शोधावे लागत नाहीत, ते आपण होऊन येतात. मी मनाशी म्हटले, ही कार्डे ओळखण्याचे ज्ञान मी अनेक वर्षे खर्चून मिळविले आहे, त्याचे काही मोल आहे की नाही? मी गेलो नसतो तर भंगारवाल्याने पत्रा किलोवर घेतला असता आणि रणजितसिंहजी वाडीच्या मागे जळणात गेले असते. शिवाय तिने स्वतःच 'द्या काय ते' म्हटले; मी घासाघीस केली नाही, उलट तिनेच शंभर परत केले. या प्रत्येक वाक्यात सत्य आहे. पण ही सगळी सत्ये एकत्र आली की त्यांस वकिली वास येऊ लागतो. योगशास्त्राने अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन निरनिराळे यम सांगितले आहेत. पूर्वी मला वाटे की, संग्राहकाचे भांडण फक्त दुसऱ्याशी आहे. तो वस्तू साठवितो, चोरी तर करीत नाही ना! त्या ओटीवर मात्र एकाची सीमा दुसऱ्यास कोठे येऊन मिळते ते मला दिसले. ज्ञानाचा मोबदला घ्यावयाचा असेल तर तो ज्ञान सांगून घेता येतो. 'मावशी, याला परदेशात मोल आहे. मी विकून देतो, चौथाई मला द्या,' असे म्हणण्यास मला कोणी अडविले होते? अडविले ते एवढ्यानेच, की मग रणजितसिंहजी माझ्या पेटीत राहिले नसते.

येथे एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तो असा की, संग्राहकाची हाव ही साधी हाव नव्हे. तीत आदर असतो. जो माणूस एका खेळाडूच्या चित्रासाठी चोरबाजाराच्या दहा फेऱ्या घालतो, तो त्या खेळाडूची स्मृती जतन करतो. हे काही अंशी खरे आहे. पण स्मृती कोणाची? रणजितसिंहजींनी १८९६ साली मँचेस्टरच्या कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. पुढे ते नवानगरचे जामसाहेब झाले. त्यांची चित्रे कार्डांवर, पुस्तकांत, जाहिरातींत सर्वत्र आली. त्यांचेच समकालीन बाळू पालवणकर. चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याच्या नोकरीवर असता ग्रेग या इंग्रज फलंदाजास सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करून ते तयार झाले. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडास गेला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली, पण कर्णधारपद त्यांस कधी मिळाले नाही; १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. १९५५ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सिगारेट-कार्ड मला पन्नास वर्षांत कोणाच्याही संग्रहात दिसले नाही. मी स्वतः ते कधी शोधलेदेखील नव्हते, हे मात्र अधिक लाजिरवाणे आहे. जे छापले गेले तेच जमवावयाचे, हा संग्राहकाचा धर्म असल्यामुळे ज्यास छापले नाही त्याची उणीव त्याच्या वहीत दिसतच नाही. वही पूर्ण भरलेली असते.

बाळूंच्या चरित्रातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुण्यास हिंदू संघाकडून खेळताना चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि त्यांस तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. त्याच हातून आलेला चेंडू सर्वांस चाले, पेला चालत नसे. ती भांडी अर्थातच फुटून मातीस मिळाली. कोणी एखादे जपून ठेवले असते तर? आमच्या सोपाऱ्यास, लोक ज्यास बुरूड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन केले. तेथे एक दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात होते काय? मातीच्या भांड्याचे काही लहान तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, असे त्या पंडितांचे मत पडले. हा ठेवा मुंबईस एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्यात खापर ठेवणाऱ्या त्या अज्ञात माणसांस मी आमच्या संग्राहकांच्या जातीचे म्हणू शकत नाही. ते तुकडे खरोखरच त्या पात्राचे होते की नव्हते, याचे प्रमाणपत्र त्यांनी कोणाकडून घेतले होते कोण जाणे. त्यांनी पेटी जमिनीत पुरली आणि वर स्तूप रचला, म्हणजे ती पुन्हा कोणास दाखविण्याचा त्यांचा विचार नव्हता. संग्राहकास एवढे जमणार नाही. न दाखविता येणारी वस्तू त्याच्या लेखी निम्मी मेली.

माझ्या संग्रहात एक वस्तू मात्र अशी आहे की जिला कोणी काही देणार नाही. १९७१ साली वर्तमानपत्रातून कापलेले एकनाथ सोलकर यांचे चित्र. शाळेच्या वहीत मी ते भाताच्या शितांनी चिकटविले होते. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे नोकर. तेथल्याच एका खोलीत हे कुटुंब राही, आणि लहानपणी एकनाथ सामन्यांच्या वेळी धावफलकाचे आकडे बदलण्याचे काम करी. पुढे सत्तावीस कसोट्यांत त्याने ५३ झेल घेतले, तेही बहुतेक फलंदाजाच्या नाकासमोर उभे राहून, डोक्यावर शिरस्त्राण नसताना. ते कात्रण पिवळे पडले आहे आणि शिते होती तेथे झुरळांनी कुरतडले आहे. विल्सची कार्डे मी आम्लरहित कागदात ठेवतो. सोलकर झुरळांच्या हवाली! यावरून माझ्या आदराची परीक्षा वाचकांनी खुशाल करावी.

जिवंत माणसांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक कठोर होते. विरारचा पृथ्वी शॉ शाळकरी असताना, वडिलांबरोबर लोकलच्या गर्दीतून किटची पिशवी सांभाळीत जाई, हे आमच्याकडील पुष्कळांस माहीत आहे. २०१३ साली हॅरिस शील्डच्या एका सामन्यात चौदा वर्षांच्या त्या मुलाने ५४६ धावा केल्या. २०१८ साली राजकोटच्या पदार्पणाच्या कसोटीत १३४. तेव्हा विरारच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर तो आमचा होता. पुढे त्याच्या वाट्यास अपयश आणि अवकृपाही आली, आणि २०२४ च्या आयपीएलच्या लिलावात त्यास कोणीही घेतले नाही. लिलाव हा शब्द माणसास लावताना आता आपणास अडखळल्यासारखेही होत नाही. कार्डाचा लिलाव होतो तसा खेळाडूचा होतो. फरक इतकाच की, बोली न आलेले कार्ड घरी जाऊन रडत नाही. एका परिचिताने मला विचारले, "त्याची सही घेऊन ठेवू की नको? आता किंमत उतरली आहे, पण पुन्हा चढेल का?" प्रश्न व्यवहाराचा होता आणि मी व्यवहारी उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र नंदाखालच्या केळ्यांची आठवण झाली.

म्हणून गेल्या वर्षी मी त्या बाईचा शोध काढला. घर केव्हाच पडले होते; ती नालासोपाऱ्यास मुलीकडे दुसऱ्या मजल्यावर राहत होती. आता ऐंशीच्या पुढे गेलेली. डोळ्यांस कमी दिसते, पण आवाजावरून तिने मला ओळखले. खोलीच्या कोपऱ्यात येशूच्या तसबिरीपुढे लहानसा दिवा होता. मी सर्व हकीकत सांगितली. कार्डे मी विकली नव्हती, विकवली नसती; परंतु त्या वेळचा भाव धरून होणारी रक्कम मी पाकिटात घालून नेली होती, ती मुलीच्या हाती दिली. मुलगी अवघडली, तिने पाकीट दोनदा परत केले आणि तिसऱ्यांदा ठेवले. म्हातारीने रागाचा किंवा कौतुकाचा एकही शब्द काढला नाही. मी मनात जी क्षमेची वाक्ये तयार ठेवली होती ती सर्व वाया गेली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "कागदाचे पैसे दिलेत, बरे केलेत मास्तर. पण तो डबा कुठे आहे?"

मला प्रथम अर्थच कळेना. मग तिने सांगितले. तिच्या सासूबाई घरखर्चाचे पैसे त्या डब्यात ठेवीत. ही लग्न होऊन आली त्या रात्री सासूने त्यातून एक रुपया काढून हिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, आता हा डबा तू सांभाळ. पुढे पैसे दुसरीकडे ठेवू लागले, आणि कोणी तरी ती चित्रे त्यात टाकली. डबा भंगारात काढला त्या दिवशी तिचे मन ठिकाणावर नव्हते. घर पडत होते, आणि कशाकशास धरून ठेवावयाचे, असे तिला झाले होते. नंतर मात्र तो डबा तिला वरचेवर आठवे. "मास्तरांनी नेला आहे, म्हणजे नीट असेल, असे मी पोरीला म्हणायचे," ती म्हणाली.

तो डबा मी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी फेकून दिला होता. पत्र्याला गंज होता आणि गंजाने कार्डांस डाग पडतात. मी तिला म्हणालो, "घरी असेल, पाहतो." वयाच्या या टप्प्यावर, क्षमा मागावयास गेलेला माणूस इतक्या सहज खोटे बोलतो, याचे माझे मलाच नवल वाटले.

त्यानंतर चारपाच वेळा मी मुंबईस चोरबाजारात गेलो. शेवटी तसाच एक डबा मिळाला. तोच आकार, झाकणावर तोच दाढीवाला खलाशी. दुकानदाराने आठशे सांगितले. मी कमी करा म्हटले नाही. तिच्या डोळ्यांस फरक दिसणार नाही. तिच्या मुलीने तो डबा कधी निरखून पाहिला असेल असे वाटत नाही. हा डबा हातात घेऊन म्हातारीस जो आनंद होईल तो खोटा असेल काय? सोपाऱ्याच्या त्या सोन्याच्या करंडकापुढे ज्यांनी हात जोडले त्यांचा आनंद कोणत्या प्रमाणपत्रावर अवलंबून होता? की हा पुन्हा तोच वकिली वास आहे, आणि मला तिच्यापुढे बसून 'मी फेकला' हे तीन अक्षरांचे क्रियापद उच्चारावयाचे आहे? दोन महिने झाले, डबा माझ्या टेबलावर आहे. खलाशाचा चेहरा यावर अगदी स्वच्छ आहे. तिच्या झाकणावरचा पैसे काढताघालता अर्धा पुसून गेला होता. परवा लिहिता लिहिता माझे लक्ष गेले तेव्हा माझा अंगठा त्या चेहऱ्यावरून फिरत होता.